जागा नाही म्हणे!

"ओ मावशी, हात लावू नका!"

गॅलरीतला शिपाई ओरडला तेव्हा मी दारापाशी कुणाशी तरी बोलत उभी होते. वळून बघते तर मावशी माझ्या गोधडीसमोर. चष्मा कपाळावर सरकवलेला, नाक कापडाला टेकलेलं, आणि गोधडीचा खालचा कोपरा चक्क उलटा करून त्या मागची बाजू तपासत होत्या. शिपायाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. मला म्हणाल्या, "ताई, भितीला चिकटवून टाकली व्हय? टाका पाठीवर बघायचा असतोय."

मग बाजूच्या छोट्या पांढऱ्या पुठ्ठ्याकडे बोट करून विचारलं, "ह्या चिठ्ठीवर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. माझं नाव. खाली 'पेरणी'. खाली मिश्र वस्त्रतंत्र. मग माप, साल आणि किंमत 45,000 रुपये.

"बरं," मावशी म्हणाल्या. एवढंच. मग चहा कुठे मिळेल ते विचारलं.

त्या "बरं"मध्ये राग नव्हता, टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला काहीतरी उत्तर देता आलं असतं. ते आता इथे देतेय. मावशींना नाही, त्या पुठ्ठ्यावर काय लिहायचं आणि काय नाही ते ठरवणाऱ्यांना. आणि त्यांच्यासमोर मान डोलावणाऱ्या मलाही.

आधी ही गोधडी झाली कशी ते सांगते, म्हणजे भांडण नक्की कशाचं आहे ते कळेल.

आजोबांची दोन धोतरं माझ्याकडे होती आणि आजीचं एक जुनं इरकली लुगडं. गावच्या घराची आवराआवर करताना नांगराचा एक गंजलेला फाळही सापडला होता. धोतर व्हिनेगरमध्ये भिजवून त्या फाळाभोवती घट्ट गुंडाळलं, वरून दोरी आवळली आणि दोन दिवस तसंच ठेवलं. उलगडलं तर कापडावर फाळाचा तांबूस ठसा, त्याभोवती पावसाच्या पाण्याने भिंतीवर उमटावेत तसे डाग. (करून बघणार असाल तर नंतर कापड नीट धुऊन काढा, नाहीतर गंज पुढे कापडच खात बसतो.) लुगड्याचे काठ कापून त्यांचे बांध केले. आजीच्या एका फोटोचा ठसा कापडावर उतरवून घेतला. पेरणाऱ्या बाईची आकृती ॲप्लिकने बसवली आणि तिच्या हातातून सुटणारे दाणे मशीनचे दाते खाली करून फिरत्या शिलाईने काढले. म्हणजे रंगाई, ठसा, ॲप्लिक, मशीनची भरत असं सगळं त्या एका कापडावर. याला हल्ली आर्ट क्विल्ट म्हणतात. मी गोधडीच म्हणते.

पण हे झालं नुसतं वरचं कापड. गोधडी व्हायला खाली थर लागतात, अस्तर लागतं, आणि ते सगळं एकजीव करणारे टाके लागतात. ते मला येत नाहीत. म्हणजे घालता येतात, पण माझे टाके म्हणजे पोराने कित्ता गिरवावा तसे. म्हणून मी मावशींकडे गेले.

मावशी नात्यातल्या नाहीत. माण तालुक्यातल्या. पुण्यात सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये नाहीतर कुणाच्या ओसरीत बसून लोकांच्या घरच्या जुन्या साड्यांच्या गोधड्या शिवून देतात. माझ्याकडे बैठकीच्या खोलीत त्यांनी थर अंथरले, तळहाताने हवा काढली, कडेने मोठे कच्चे टाके घातले आणि गोधडीवरच बसल्या. खडूची रेघ नाही, पट्टी नाही. दोन टाक्यांच्या ओळींतलं अंतर बोटाने मोजायचं. कडेने सुरुवात आणि फिरत फिरत मध्याकडे.

मी त्यांना सांगितलं होतं की मला सरळ आडव्या ओळी हव्यात, आकृतीवरून सुद्धा. त्यांनी ऐकलं नाही. "बाईच्या अंगावरनं सुई न्हाई चालवायची. आन् सरळ घेतली तर मधी ढिलं ऱ्हाईल. धुतल्यावर गोळा हुईल." त्यांनी आकृतीच्या कडेने टाके फिरवले, मग त्याच्या बाहेरून दुसरी ओळ, तिसरी ओळ... असं करत अख्खी जमीन त्या बाईभोवती वळत गेली. धोतराचं मऊ कापड टाक्यांमध्ये फुगून वर आलं. नांगरट केलेलं रान दिसावं तसं. मी आधी चिडले, मग बघतच राहिले. बावीस दिवस लागले.

प्रदर्शनातल्या अभिप्रायाच्या वहीत चौघाजणांनी नेमकं त्याबद्दल लिहिलं. 'टाक्यांच्या ओळींमधून नांगरलेल्या जमिनीचा भास फारच सुंदर.' एका ज्येष्ठ चित्रकारांनी तर पाठ थोपटली, "ही कल्पना कशी सुचली?" आणि मी, वाचकहो, हसून म्हणाले, "काम करता करता सुचत गेलं."

कुणाला सुचलं ते मात्र मी सांगितलं नाही.

आता त्या पुठ्ठ्याकडे येते. प्रदर्शनाच्या आधी मी आयोजकांना कळवलं होतं की माझ्या नावाखाली एक ओळ हवी, टाके अमुक-अमुक यांचे. उत्तर आलं, लेबलच्या फॉरमॅटमध्ये जागा नाही. मी पुन्हा विचारलं. मग खरं उत्तर आलं. एका कलाकृतीला एक कलाकार असतो, मदतनिसांची नावं घालायची पद्धत नाही, आणि तसं केलं तर 'कलेची पातळी हस्तकलेवर येते'.

जागा नाही म्हणे! कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर चहापानाच्या प्रायोजकांचे आभार मानायला जागा होती. आमंत्रणपत्रिकेवर पाच लोगो होते. फक्त ज्या हातांनी बावीस दिवस सुई चालवली, त्यांच्या नावाच्या वेळी पुठ्ठा लहान पडला.

आणि मी काय केलं? "ठीक आहे," म्हणाले. मला त्या भिंतीवर जायचं होतं. शहरातल्या बऱ्या गॅलरीत कापडाच्या कामाला जागा मिळते किती वेळा? हा हिशोब मी केला. आयोजकांवर बोट उगारण्याआधी हे सांगायलाच हवं. मावशींशी मी उक्तं ठरवलं होतं, सहा हजार. किंमत लावली पंचेचाळीस हजार. हे आकडे जवळजवळ ठेवून मी तोवर पाहिलेच नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, पैसे दिले ना? ठरलेले दिले ना? मग प्रश्न मिटला.

नाही मिटला. पैसे कामाचे होते. नाव त्या कामातल्या निर्णयाचं असतं. आजीचा फोटो मी ज्या दुकानातून छापून घेतला, त्या दुकानदाराचं नाव लावा असं मी म्हणत नाही. त्याने मी दिलं ते छापलं. मी दिलेला दोरा ज्या कारखान्यातून आला त्याचंही नाव नको. पण ज्या माणसाने माझं सांगणं बाजूला सारून दुसरं काही केलं, आणि ते केल्यामुळे काम आहे तसं दिसतंय, तो मदतनीस कसा? माझ्या मते कसोटी एवढीच. समोर दिसणाऱ्या कामात कुणाच्या हाताचा निर्णय दिसतोय? ज्यांचा दिसतोय त्यांची नावं लिहा. दोन असतील तर दोन, सात असतील तर सात.

दुसरा युक्तिवाद नेहमीचा, इमारतीवर आर्किटेक्टचं नाव असतं, गवंड्याचं असतं का? नसतं. पण ते नसणं फार शहाणपणाचं आहे असं कोण म्हणतं? आणि उदाहरणच द्यायचं तर सिनेमाचं घ्या ना. तिथे दिग्दर्शकाचं नाव शेवटी मोठ्या अक्षरात येतं आणि त्याच पडद्यावर मेकअपवाल्याचं, लाईटवाल्याचं, स्पॉटबॉयचंही येतं. त्यामुळे एखाद्या दिग्दर्शकाची पातळी खाली आल्याचं ऐकलंय कधी?

तिसरा युक्तिवाद सगळ्यात गोड असतो म्हणून सगळ्यात धोक्याचा. "आपली परंपराच अनामिकतेची. अजिंठ्याला कुणी सही केली?" ऐकायला छान वाटतं. पण एकाच भिंतीवर माझं नाव ठळक टाइपात आणि मावशी तेवढ्या अनामिक, ही कुठली परंपरा? अनाम व्हायचं तर दोघी होऊ, माझंही नाव खोडा! ते कुणी करणार नाही. आणि परंपरेचंच म्हणाल तर आपल्याकडे अभंगात नाममुद्रा असते. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी जनाबाई स्वतःचं नाव अभंगात घालते, दासी म्हणून का होईना, पण नाव घालते. सातशे वर्षांपूर्वीच्या अभंगात त्या नावाला जागा होती.

बायकांना नावाची हौस नसते, हेही खोटं. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयाच्या संग्रहात एकोणिसाव्या शतकातली एक कांथा आहे, मानदासुंदरी नावाच्या बाईंनी वडिलांसाठी शिवलेली. जुन्या कापडाचे थर आणि साधा धावदोरा, म्हणजे आपल्या गोधडीची सख्खी बहीणच. तिच्यावर त्यांनी आपण ही स्वहस्ते केल्याचं टाक्यांनीच लिहून ठेवलंय. म्हणून आज आपल्याला त्यांचं नाव माहीत आहे.

हे दुखणं फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. 1971 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियममध्ये अमेरिकन गोधड्यांचं एक गाजलेलं प्रदर्शन झालं. जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातल्या गोधड्या पांढऱ्या भिंतींवर अमूर्त चित्रांसारख्या टांगल्या होत्या. लोकांनी पहिल्यांदाच त्यांच्याकडे 'चित्र' म्हणून पाहिलं. ते श्रेय त्या प्रदर्शनाला द्यायलाच हवं. आज माझ्यासारखीची गोधडी भिंतीवर लागते त्यामागे तेही आहे. पण त्या गोधड्या शिवणाऱ्या बहुतेक जणी तिथे अनामिकच होत्या. 1973 मध्ये पॅट्रिशिया मेनार्डी यांनी एक खरमरीत लेख लिहून कलाजगताला ऐकवलं की या बायकांना आपण काय करतोय याची पूर्ण जाण होती, कितीतरी गोधड्यांवर त्यांनी नाव आणि तारीख घातलेली आहे. तुम्ही त्यांच्याकडे अडाणी हातांतून चुकून घडलेला चमत्कार म्हणून बघता, हा तुमचा दोष. पन्नास वर्षं उलटून गेली त्याला!

मला सगळ्यात लागते ती हॅरिएट पॉवर्सची गोष्ट. जॉर्जिया राज्यात 1837 मध्ये गुलामीत जन्मलेली ही बाई. तिने बायबलमधल्या कथांची एक गोधडी केली, कातरलेल्या आकृत्या वर शिवून, थोडं हाताने, थोडं मशीनने. म्हणजे आजच्या भाषेत मिश्र तंत्रच. 1886 मध्ये एका जत्रेतल्या प्रदर्शनात ती जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिक्षिकेने पाहिली आणि विकत मागितली. पॉवर्सने नकार दिला. पुढे दिवस वाईट आले तेव्हा तिने दहा डॉलर मागितले आणि पाच डॉलरला गोधडी दिली. नंतर ती आपली गोधडी बघायला स्मिथबाईंकडे अनेकदा जात असे.

आपलीच गोधडी बघायला दुसऱ्याच्या दारात जायचं... गॅलरीत शिपाई मावशींवर ओरडला तो क्षण मला आठवतो तेव्हा ही बाईही आठवते.

पण या गोष्टीत एक बरी बाजू आहे. स्मिथबाईंनी पॉवर्सचं नाव आणि प्रत्येक चौकोनाबद्दल तिने सांगितलेला अर्थ लिहून ठेवला. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे आणि ती हॅरिएट पॉवर्सची गोधडी म्हणून आहे. पाच डॉलरचा तो सौदा मला अजिबात मान्य नाही. पण नाव लिहून ठेवायला किती जागा लागते हो? वहीचं अर्धं पान.

नावाने पोट भरतं का, असंही विचारतात. थेट नाही भरत. पण नावाशिवाय भांडताही येत नाही. अलाबामातल्या जीज बेंड या लहानशा वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांच्या गोधड्या 2002 मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग त्याच व्हिटनीत लागल्या, शिवणाऱ्यांच्या नावांसकट. 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. आणि 2007 मध्ये त्यांतल्या काही जणींनी पैसे आणि हक्कांवरून कोर्टात दावे लावले. 2008 मध्ये तडजोड झाली. कोण बरोबर कोण चूक यात मी शिरत नाही. मला एवढंच दिसतं की ही गोधडी माझी आहे असं म्हणत त्या कोर्टाची पायरी चढू शकल्या. 1971 च्या भिंतीवरच्या अनामिकांना ते कसं जमणार होतं?

आणि ज्यांना वाटतं की दुसरं नाव लावलं की आपलं लहान होतं, त्यांनी फेथ रिंगगोल्डकडे पाहावं. चित्रकार म्हणून नाव झालेल्या या बाईंनी 1980 मध्ये आपली पहिली गोधडी केली, 'एकोज ऑफ हार्लेम'. रंगवलेले चेहरे त्यांचे आणि शिवणकामात साथ त्यांच्या आईची, विली पोझी यांची. त्या पेशाने ड्रेस डिझायनर होत्या. रिंगगोल्ड हे मोकळेपणाने सांगत आल्या. कुणी त्यांना कमी कलाकार मानलं नाही. उलट कापडाचं काम संग्रहालयांत मानाने लागायला लागलं त्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

अमेरिकेतल्या अनेक गोधडी स्पर्धांत तर आता साधा नियमच आहे, वरचं कापड जोडणारी एक आणि टाके घालणारी दुसरी असेल तर दोघींची नावं द्यायची. त्यावर कुणी परिसंवाद भरवत नाही. फॉर्ममध्ये रकाना असतो, तो भरायचा.

तेव्हा आपल्याकडच्या आयोजकांना माझं सांगणं अगदी साधं आहे. एक, फॉर्ममध्ये तो रकाना घाला. दोन, 'मिश्र वस्त्रतंत्र' असं मोघम लिहू नका. गंजरंगाई, ॲप्लिक, मशीनची भरत, हाताचा धावदोरा असं नीट लिहा, आणि प्रत्येकासमोर करणाऱ्याचं नाव. तीन, गोधडी भिंतीला चिकटवू नका. मागे नेफा असतोच, त्यात पट्टी घालून छतापासून खाली सोडा, म्हणजे लोकांना भोवती फिरून पाठ बघता येईल. पुढून माझे रंग दिसतात, मावशींचं काम मागून कळतं. जी बाजू तुम्ही भिंतीकडे केलीत ती नेमकी तिची आहे.

आणि माझ्यासारख्या 'कलाकारां'ना एकच विनंती. हे पुठ्ठ्यावरचं भांडण आयोजकांशी असलं तरी पैशाचं आपलं आपल्याशी आहे. काम विकलं गेलं तर वाटा किती, हे टाके घालायला बसण्याआधी बोला. उक्तं ठरवून मोकळं होणं सोयीचं असतं, मी तेच केलं.

'पेरणी' विकली गेली नाही. प्रदर्शन संपल्यावर घरी आणली आणि मावशींना बोलावलं. जे झालं ते सगळं सांगितलं, लेबलचं, अभिप्रायाच्या वहीचं, "काम करता करता सुचलं" याचंही. त्या हसल्या. म्हणाल्या, "मला वाटलं, तुमच्यात तसंच असतंय."

या वाक्याने मला जेवढी लाज वाटली तेवढी कुठल्याही टीकेने वाटली नसती.

मग आम्ही खालच्या कोपऱ्यात दोन नावं घातली. मी पेन्सिलने लिहिली, मावशींनी त्यांवरून टाके घेतले. त्यांचं नाव मी इथे लिहिलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल आणि एवढं बोलून हीच बाई नाव लपवते असंही वाटलं असेल. मी विचारलं होतं त्यांना. त्या म्हणाल्या, "गोधडीवर हाय ना, बास. कम्प्युटरात कशाला?" त्यांचं नाव, त्यांचा निर्णय. गोधडी बघायला आलात तर वाचायला मिळेलच.

पुढच्या महिन्यात आणखी एका प्रदर्शनाचा फॉर्म भरायचा आहे. त्यात 'कलाकाराचे नाव' असा एकच रकाना आहे, एका ओळीचा. मी त्यात दोन नावं लिहिणार आहे, बारीक अक्षरात का होईना. परत आला तर येऊ दे. तैलचित्र परत आलं तर माळ्यावर टाकावं लागतं. गोधडीचं तसं नसतं. पांघरेन आणि झोपेन.